व्हिएनो हार्युला तारा जुळवते

एस्पोत नोव्हेंबर म्हणजे दुपारी साडेतीनला दिवेलागण.
समुद्र गोठलेला नाही अजून, नुसता घट्ट झालाय.
बसमधून उतरते व्हिएनो, वय एकसष्ट,
ओळखपत्र दाखवते, बूट बदलते
आणि सोनेरी झुंबराखाली गुडघे टेकते.

झुंबर म्हणजे तबकांची उतरंड,
प्रत्येक तबक वरच्याहून थंड.
अगदी तळाशी, नखाएवढ्या चकतीपाशी,
ताऱ्यांमधल्या पोकळीहून कडक हिवाळा.
तिथे राहतात त्रेपन्न क्युबिट.
अठ्ठेचाळीस, खरं तर. पाच रुसलेत ऑगस्टपासून.

चाळीस वर्षं तिनं पियानो जुळवले:
शाळांचे, चर्चचे, तुर्कूच्या बोटीवरचा एक,
खाऱ्या हवेनं गंजलेला.
"म्हणूनच घेतलं तुम्हाला," तानेली म्हणाला होता,
"हात स्थिर. आणि कंटाळा येत नाही."

काल ओउलूहून पत्रकार आला.
"सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतं,
म्हणून एवढं वेगवान, नाही का?"
तानेली फळ्याकडे गेला. खडू सापडेना.
व्हिएनोनं हातातला पाना खाली ठेवला.

"सगळी उत्तरं एकदम बोलली तर गलका होतो.
विचारायला जा, एक हाती लागतं, कुठलंही,
सोडतीच्या चिठ्ठीसारखं.
आता दोन तारा घ्या, जवळजवळ सुरात.
एकत्र छेडल्या की आवाज हेलकावतो,
फुगतो, विरतो, फुगतो.
विरतो तेव्हा तारा थांबलेल्या नसतात;
एकीचा चढ दुसरीच्या उतारात पडलेला असतो.
आमची करामत तेवढीच:
चुकीच्या वाटा अशा एकमेकींवर पाडायच्या
की त्याच एकमेकींना गिळतील
आणि खरी वाट चढावर चढ घेत
ऐकू येण्याइतकी उंच होईल.
दहा लाख किल्ल्यांतली एक शोधायला
मग हजारेक फेऱ्या पुरतात.
प्रत्येक कोड्यात असा सूर दडलेला नसतो हं.
तुमचा पगाराचा हिशेब साध्या यंत्रावरच बरा."

पत्रकारानं लिहून घेतलं: पियानो.

अडचण सांगायची राहिली. त्याची गाडी होती.

अडचण अशी, की एक पियानो जुळतो.
पन्नास जुळतात, जीव टाकून.
हजार पियानो एका दालनात ठेवा:
एकाला हात लावला की शेजारचा गुणगुणतो,
शेवटच्यापाशी पोचेतो पहिला उतरलेला,
आणि मध्येच कुणी कान देऊन ऐकलं
तर पियानो उरतच नाही,
एकच पट्टी उरते, काळी किंवा पांढरी.

शिवाय ज्याला त्याला तार हवी.
तारेतून निरोप उतरतो,
निरोपाच्या पाठोपाठ ऊब.
एवढीशी ऊब, आणि तळातला हिवाळा मोडतो;
पुन्हा जमायला दोन दिवस.
लाखभर तारा या उतरंडीतून न्यायच्या कशा,
तानेली रात्री नकाशा काढतो,
सकाळी खोडतो.

चुकांवर पहारा ठेवलाय,
पण पहारेकऱ्यानं नाव विचारायचं नाही कुणाला.
फक्त एवढंच: तुम्ही दोघं सारखे आहात का?
हो. हो. नाही. हो.
त्यावरून ताडायचं, कोण घसरला.
पहारेकरीही त्याच मातीचे, तेही घसरतात.
एका भरवशाच्या क्युबिटमागे शेकडो राबते.
नाकापेक्षा मोती जड,
आणि मोती अजून घडायचाय.

व्हिएनो सत्तेचाळिसावी तार कसते.
पाना टक् वाजला की थांबायचं.
पाव वळसा जास्त झाला,
तर थंडीत आकसताना धातू तडकेल
आणि ते कळेल परवा.

भिंतीपलीकडे दोन पंप सुरू होतात.
ती डोळे मिटते, जुन्या सवयीनं,
दोघांमधला हेलकावा मोजते:
सेकंदाला दोन. डावा किंचित उतरलाय.
त्याला लावायची किल्ली तिच्या पेटीत नाही.

वहीत लिहिते: ४७, घट्ट.
उरल्या एकशे एकोणीस.